दोरीचा मान

बिरिमा माडाच्या शेंड्यात बसून गात होता. नीरा काढणाऱ्यानं गायचंच असतं. एक तर न गाणाऱ्यावर माड रुसतो आणि करवंटी कोरडी राहते. शिवाय वर गडी चढलाय हे खालच्या बायकांना कळतं, त्या विहिरीवरून आडोशाला सरकतात. पोयीचं, माडाच्या मिटलेल्या फुलोऱ्याचं, टोक सुरीनं पातळ तासत त्यानं सूर लावला:

उंच माडाच्या शेंड्याला, वारा हलवी पाळणा
थेंब थेंब ये गं बाई, नको सांगूस बहाणा

दुसऱ्यांदा ‘थेंब थेंब’ म्हणताना आवाज मध्येच तुटला. खाली त्याची बायको तेबोरा निखाऱ्यावर मासा भाजत बसली होती. माडावरून माणूस पडायच्या आधी त्याचं गाणं पडतं. ती मान वर करून ओरडली, “काय झालं रे?”

“दोरी!” वरून आवाज आला. “साहेबाची दोरी वळली इकडं! लाल चिंध्या दिसतायत मला. सरळ आपल्या खड्ड्यावर रोखलीय!”

“नीट बघ!”

“बघतोय की! माझे डोळे काय तुझ्या बापाचे आहेत?”

“माझ्या डोळ्यांना काय झालंय रे?” खांबाला टेकून सुंभ वळत बसलेला म्हातारा काबुनारे फिसकारला. त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊन किती पावसाळे गेले होते, पण मांडीवर सुंभ वळणारा हात थांबला नव्हता. आता थांबला.

तेबोरा उठली ती पळतच सुटली. मासा निखाऱ्यावर तसाच राहिला.

खड्डा घरामागे, बेटाच्या बरोबर कमरेला होता. एका अंगाला आतला समुद्र, दुसऱ्या अंगाला बाहेरचा, आणि मधल्या वाळूच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगणारं गोड पाणी. त्या पाण्यापर्यंत तेबोराच्या पणजीच्या पणजीनं शिंपल्यांनी हा खड्डा उकरला होता. भरतीला त्यातलं पाणी चढायचं, ओहोटीला उतरायचं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. त्यात बाबाई उभी होती. अळवाचीच जात, पण पान असं की खाली दोन माणसांनी पावसात उभं राहावं. प्रत्येक झाडाभोवती केवड्याच्या पातीची बिनबुडाची टोपली विणलेली, आणि त्या टोपलीत काळी माती आणि वाळलेला पाला. कुठल्या झाडाचा पाला, किती आणि कोणत्या चंद्राला, ते फक्त घरातल्या माणसाला ठाऊक. बिरिमाला लग्नानंतर पहिलं मूल झाल्यावर सांगितलं होतं, तेही कानात.

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर बेटावरचा गोरा सरकारी साहेब बेनुइकी उभा होता. त्याचं त्याच्या मुलखातलं नाव वेगळंच होतं, पण बेटावरच्या जिभांना ते झेपलं नाही आणि त्यानंही कधी तक्रार केली नाही. उन्हानं सोललेली मान, घामानं पाठीला चिकटलेला सदरा, हातात रस्ता आखायच्या दोरीचं टोक. दोरीचं दुसरं टोक तोकातेकेच्या हातात. हा तोकातेके पलीकडच्या कुळातला, गावचा शिपाई, कमरेला सरकारी पट्टा. पट्टा नवा होता तेव्हापासून तो मागे रेलून चालायचा.

“साहेब, दोरी चुकली तुमची,” तेबोरा धापा टाकत म्हणाली.

“दोरी चुकत नसते, तेबोरा.” बेनुइकीचा चेहरा जत्रेतल्या पोरासारखा फुलला होता. “हे बघ. तिकडे गावाचा शेवटचा माड, इकडे दवाखाना. मध्ये एकच सरळ रेघ! आजारी माणसाला हातगाडीवर घातलं की कुठं वळण नाही, कुठं धक्का नाही. कल्पना कर!”

“आजारी माणूस वळणानं मरत नाही, साहेब.”

तोकातेके खिंकाळला. बेनुइकी हसला नाही, पण रागावलाही नाही. “जहाज यायच्या आत रस्ता पुरा व्हायला हवा. मी तो पुरा करूनच जाणार.”

जहाज नव्या चंद्राला येणार होतं, आणि त्या जहाजानं बेनुइकी कायमचा जाणार होता.

“हा खड्डा तुम्हीच आम्हाला दिलात,” तेबोरा म्हणाली. “भर सभेत. आमच्या आज्यापणज्यांची नावं ऐकून.”

“दिला. न्यायानं दिला. आता बदल्यात दुसरा देतो. माणसं लावून खणून देतो.”

“खणाल हो. त्याला मुरवणार कोण? सरकार?”

“तेबोराबाई,” तोकातेके दोरी ताणत म्हणाला, “भाजी काढून ठेवा. चार दिवसांत इथं खडी पडेल.”

“तुझ्या तोंडात पडो खडी!”

खडी वाहणाऱ्या बायका टोपल्या खाली ठेवून हसायला लागल्या. तोकातेकेचा पट्टा जरा खाली सरकला.

बेनुइकी आला तेव्हा पोरगेलासा होता. तेव्हा गावातली घरं माडाखाली पडलेल्या नारळांसारखी वाटेल तिथं होती. त्यानं पहिल्याच वर्षी दोरी काढली, तिला गाठीगाठीला लाल चिंध्या बांधल्या, आणि घरं किनाऱ्यानं एका ओळीत बसवली. डुकरांना दगडी कोंडवाडे केले. विहिरींवर झाकणं बसवली. नाच सणापुरता ठेवला, आणि एरवी कोणी कंबर हलवली तर त्याला खडी फोडायला लावली. गावातले म्हातारे त्या वर्षी नुसते थुंकत होते. पण झाकणं बसल्यावर पोरांची रक्ताची हगवण थांबली. तेबोराची धाकटी पोर त्यामुळंच आज उड्या मारत होती, आणि हे तेबोरा कधी विसरली नव्हती. जमिनीच्या भांडणात माणसं शार्कच्या दातांच्या काठ्या घेऊन बांधावर उतरायची, तेही त्यानंच थांबवलं. गावाच्या मानेआबात, सभेच्या त्या मोठ्या छपराखाली, तो मांडी घालून बसला आणि कुळाकुळाच्या वंशावळी ऐकत राहिला. पायाला मुंग्या येऊन एकदा उठताना तोंडावर आपटला, तरी परत येऊन बसला.

मानेआबातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी मानाची असते. पहिला शब्द एका कुळाचा, कासवाचं डोकं दुसऱ्याचं, शंख फुंकायचा तोकातेकेच्या कुळाचा. बेनुइकीनं शंखाच्या जागी लोखंडी घंटा आणली तेव्हा ती कोणी वाजवायची यावरून डोकी फुटायची वेळ आली. त्यानं निवाडा केला: शंखाचा मान ज्याचा, घंटेचा मान त्याचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मीसुद्धा नाही. पुढं एकदा दवाखान्याच्या झापांना आग लागली आणि घाईत बेनुइकीनंच घंटा वाजवली. आग विझली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला तोकातेकेच्या घरी डुक्कर पोचवून माफी मागावी लागली. ती गोष्ट सांगताना गाव अजून पोट धरून हसतं.

तेबोरा परतली तेव्हा मासा कोळसा झाला होता आणि म्हातारा काबुनारे आंधळ्या डोळ्यांनी छपराकडं बघत बसला होता. बिरिमा माडावरून उतरून पायरीवर बसला होता, नीरेची करवंटी मांडीत.

ती काही बोलणार तोच दारात सावली पडली. बिरिमाची चुलत बहीण तांगाने. तिनं आत पाऊल टाकलं, इकडंतिकडं बघितलं आणि तिची नजर नव्या चटईवर बसली. काळ्यापांढऱ्या नक्षीची, तेबोरानं सगळा उन्हाळा खपून विणलेली.

“वहिनी, काय सुरेख चटई गं! मी बुबुती करते.”

तेबोराचे दात एकमेकांवर घासले. पण नात्यातल्या माणसानं बुबुती केली, म्हणजे असं तोंडानं मागितलं, की नाही म्हणता येत नाही. नाही म्हणणारा मेल्यावरसुद्धा चिंगूस म्हणून ओळखला जातो. तिनं चटई गुंडाळून दिली आणि वर हसून म्हणाली, “ने गं, तुझीच आहे.”

तांगाने गेल्यावर बिरिमा म्हणाला, “गेल्या खेपेला माझी होडी नेली हिनं.”

“पण पुढच्या पावसात तूही तिचा शिडाचा कपडा आणलास की,” तेबोरा म्हणाली.

आणि म्हातारा एकदम मांडीवर थाप मारून ओरडला, “पोरी! आपण मूर्ख आहोत!”

“आता काय झालं, बाबा?”

“साहेब हुकूम करतो, कारण तो परका आहे. परक्याला काही मागता येत नाही. पण घरच्याला? घरच्याला मागता येतं! मी त्याला मुलगा करून घेतो. तेल लावतो, आपल्या कुळाच्या जागेवर बसवतो, आणि घास गिळायच्या आत मागतो: पोरा, रस्ता वळव. बघू कसा नाही म्हणतो!”

बिरिमाला इतकं हसू आलं की नीरा मांडीवर सांडली. तेबोरा मात्र हसली नाही. तिचे डोळे लकाकले. “येईल तो?”

“येईल? त्याच्या मुलखात त्याला आई नाही, बाप नाही. पळत येईल!”

निरोप ऐकून बेनुइकी खरंच पळत आला. हातातली टोपी फिरवत राहिला आणि मग म्हणाला, “मला? तुमच्या घरात?” त्याचा तो चेहरा बघून तेबोराला आत कुठंतरी टोचलं. पण तिनं मान वळवली आणि खड्ड्याकडं बघितलं. टोचणं गेलं.

मग गावाला नुसतं उधाण आलं. निरोपाच्या मेजवानीसाठी साहेबानं स्वतः नाचाची परवानगी दिली होती. इतकी वर्षं कोंडून ठेवलेल्या कमरा जाग्या झाल्या. दिवसभर माणसं खडकावरून पांढरी खडी टोपल्यांनी वाहायची, ओंडक्यानं ठोकायची, खांदे सोलवटून घ्यायची. आणि ऊन कललं की त्याच खांद्यांना खोबरेल चोळून ओळीत उभी राहायची. म्हाताऱ्या बाया हात कसा उडालेल्या पाखरासारखा थरथरावा ते दाखवताना स्वतःच दमून बसायच्या. डुकरं ओरडत होती, चुली धुमसत होत्या. आणि त्या सगळ्या गोंधळातून तो पांढरा रस्ता रोज थोडा थोडा, सुरीच्या पात्यासारखा, खड्ड्याकडं सरकत होता. मेजवानीच्या आदल्या दिवशी तो काठाला येऊन टेकला. खडीचे दोन दगड घरंगळून पाण्यात पडले. डुबुक, डुबुक.

त्याच दिवशी तेबोरा खड्ड्यात उतरली. मुलगा घरात घ्यायचा तर त्याच्यापुढं लहान कंद ठेवून चालत नाही. सगळ्यात जुनी बाबाई, जिला घरात ‘आजी’ म्हणत, ती मधोमध उभी होती. तेबोरानं टोपली उसवली, मांडीपर्यंत चिखलात रोवून घेतलं आणि लाकडी पहारीनं मुळं सैल करायला लागली. थंड पाणी पोटऱ्यांना लागत होतं. हाताला कंदाचा खांदा लागला, मग कंबर, मग मांडी. संपतच नव्हता. बिरिमानं वरून सुंभ टाकलं, तिनं ते कंदाला आवळलं.

“ओढ!”

“ओढतोय! ही आजी आहे की देवमासा?”

कंद सुटला तेव्हा चिखलानं असा मोठा आवाज केला की काठावरची बदकं उडाली. दोघं नवराबायको, ती खड्ड्यात आणि तो काठावर, चिखलात आडवी झाली आणि माखलेल्या तोंडांनी हसत सुटली. मग तेबोरानं रिकाम्या जागेत हळूहळू भरणारं पाणी बघितलं आणि तिचं हसू ओसरलं. “उद्या वळव म्हटलं की वळवेल ना रे?”

“वळवेल गं. सरळ माणसाला वाकवायला वेळ लागतो, पण वाकतो.”

दुसऱ्या दिवशी मानेआबाच्या छपराखाली बोट शिरायला जागा नव्हती. तेलाचा, फुलांचा, भाजलेल्या डुकराचा वास भरून राहिला होता. बेनुइकीला काबुनारेच्या कुळाच्या जागेवर बसवलं होतं. सदरा काढलेला, कमरेला नवी बारीक चटई, पांढऱ्या पोटावर घाम. म्हाताऱ्यानं चाचपडत त्याचं डोकं शोधलं, तेल ओतलं. तेल कपाळावरून डोळ्यांत गेलं आणि बेनुइकी रडतोय की तेल झोंबतंय ते कोणालाच सांगता आलं नाही. तेबोरानं ‘आजी’चा पहिला तुकडा त्याच्या तोंडात घातला.

“खा, भाऊ.”

त्यानं खाल्ला. चावून चावून, डोळे मिटून. म्हातारा काबुनारे मागणीचा शब्द काढायला खाकरला, आणि तेवढ्यात बेनुइकी उठून उभा राहिला.

“बाबा,” तो म्हणाला. “इतकी वर्षं मी तुमच्याकडून सगळं हुकूम करून घेतलं. हे शेवटचं मला हुकमानं घ्यायचं नाही. आज मी घरचा आहे. म्हणून घरच्यासारखं मागतो. मी बुबुती करतो. तो खड्डा मला द्या.”

बाहेर लाट फुटलेली ऐकू आली.

काबुनारेचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नातं बांधताना दोरी दोन्ही टोकांनी आवळते, हे त्याच्या पांढऱ्या केसांना सुचलं नव्हतं, ना तेबोराला, ना बिरिमाला. चटई नेणाऱ्या तांगानेनं तोंडावर हात दाबला. आणि तोकातेकेनं मांडीवर जी थाप मारली ती समोरच्या टोकापर्यंत वाजली. “अरे वा रे मुला! पक्का आपला झाला की हा!”

हास्याचा कल्लोळ उसळला. बेनुइकी गोंधळून सगळ्यांकडं बघत होता. त्याला वाटत होतं, आपण रीतीनं वागलो. वागलाही होता. तेच तर दुखणं होतं.

म्हाताऱ्यानं तेलाचे हात मांडीला पुसले. अख्खं गाव बघत होतं. “दिला,” तो म्हणाला. “तुझा आहे.”

तेबोरा चरफडली. यानं हुकमानं घेतला असता तर जन्मभर शिव्या तरी देता आल्या असत्या. आता तेही नाही. दिलेलं परत मागितलं तर कुळाचा मान मातीत जाणार. तिची नजर सैरभैर फिरली, आणि खांबाच्या खुंटीवर थांबली. तिथं ती दोरी लटकत होती, लाल चिंध्यांसकट. उद्या सकाळी पुन्हा ताणायची म्हणून तोकातेकेनं टांगून ठेवलेली.

ती उठली.

“भाऊ,” ती म्हणाली, “बहिणीलाही मागता येतं ना रे?”

“येतं की,” बेनुइकी म्हणाला. मग सावध झाला. “पण खड्डा...”

“खड्डा नको. तो तुझा. मला ती दोरी दे.”

बेनुइकीचे खांदे सैल पडले. तो हसला. “एवढंच? उद्यापुरती राहू दे, मग जाताना तुलाच...”

“नुसती दोरी नाही, भाऊ. दोरीचा मान. शंखाचा मान त्यांचा, म्हणून घंटेचा त्यांचा, हा निवाडा तूच केलास ना? मग दोरी ताणायचा मान आमच्या कुळाला दे. या गावात दोरी धरायची ती आमची माणसंच धरतील. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. साहेबानंसुद्धा नाही. मी बुबुती करते.”

क्षणभर कोणाला उमजलं नाही. मग तोकातेकेच्या कुळातल्या एका म्हातारीला उमजलं, आणि तिनं अशी किंकाळी मारली की छपरावरची पाखरं उडाली. उमजत उमजत ती लाट या टोकाकडून त्या टोकाकडं गेली. माणसं चटया बडवायला लागली. बिरिमा तर उभा राहून नाचायलाच लागला. तोकातेकेनं खुंटीकडं हात नेला होता तो त्यानं निखारा लागल्यासारखा मागं घेतला.

बेनुइकी उभा होता. ओठ घट्ट. तेलाचा ओघळ हनुवटीवरून गळत होता. त्याची नजर दोरीवर, मग तेबोरावर. तेबोराला वाटलं, आता साहेब होईल. आता सदरा घालेल.

तो खांबापाशी गेला. दोरी काढली, तिच्या वेटोळ्यावरून एकदा हात फिरवला, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि तेबोराच्या हातात दिली.

“दिली,” तो म्हणाला. आणि मग त्याला हसू आवरेना. पोट धरून, खांबाला डोकं टेकून हसला. नाच सुरू झाला तो त्या हसण्यावरच.

सकाळी तोकातेकेनं घंटा वाजवली आणि गाव टोपल्या घेऊन जमलं. तेबोरा पुढं, दोरीचं टोक हातात. दुसरं टोक आंधळ्या काबुनारेच्या हातात.

“बाबा, सरळ धरलीत ना?”

“मला काय दिसतंय, पोरी? तू म्हणशील ते सरळ.”

तिनं खुंटी ठोकली, चार पावलं गेली, पुन्हा ठोकली. लाल चिंध्या एकेक करून खड्ड्याला वळसा घालायला लागल्या, लांब, निवांत, समुद्राच्या काठाला शोभेल असा. बेनुइकी बाजूला उभा होता. दोनदा त्याचा हात पुढं आला आणि दोन्ही वेळा त्यानं तो पाठीमागं बांधला. वळसा पुरा झाला तेव्हा वरून, माडातून, बिरिमाचं गाणं आलं:

दोरी निघाली सासरी, जाते वळणानं हळू
भाऊ उभा गं काठाशी, नको बहिणीला छळू

त्याच गाण्याच्या शेपटाला जोडून तो ओरडला, “जहाज! बाहेरच्या समुद्रात धूर!”

सगळे किनाऱ्याकडं धावले. बेनुइकीही वळला. तेबोरानं त्याला हाक मारली.

“कुठं निघालास? खड्डा कोणाचा?”

“माझा,” तो म्हणाला.

“मग ‘आजी’ची जागा उघडी पडलीय, ती कोण भरणार? धन्यानं पहिली मूठ टाकल्याशिवाय रोप धरत नाही. उतर.”

त्यानं समुद्राकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि खाली बसून बुटांचे बंद सोडले. विजार गुंडाळली. पांढरे पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेले आणि थंडाव्यानं तो पोरासारखा ओरडला. तेबोरानं नवं रोप त्याच्या हाती दिलं, भोवती टोपली कशी विणायची ते दाखवलं. विणताना त्याची बोटं फार सरळ जात होती. तिनं हसत उसवून पुन्हा विणायला लावली.

“तू गेल्यावर मी बघेन याला,” ती म्हणाली. “पण जेवणावळीत याचा कंद निघाला की तुझं नाव घेऊन वाढेन. मेलास तरी वाढेन.”

तो मान खाली घालून माती दाबत राहिला.

जहाजाचा भोंगा वाजला. किनाऱ्यावरून तोकातेके हाका मारत होता, “साहेब! अहो साहेब! होडी लागली!”

“आता पाला,” बेनुइकी म्हणाला. “कुठला घालायचा?”

तेबोरा थबकली. तिनं काठावर बघितलं, रस्त्याच्या वळणापर्यंत नजर टाकली, मोठ्या पानांच्या सावलीत कोणी उभं नाही ना ते न्याहाळलं. मग चिखलाचा हात त्याच्या खांद्यावर ठेवून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, एकेका झाडाचं नाव सांगायला लागली.

भोंगा पुन्हा वाजला.

“थांब,” तो कुजबुजला, “ते तिसरं परत सांग.”